मृत्युपत्र नंतर, आधी काकूंच्या लग्नाचा कागद

विचारणारे ठाण्याला राहतात. मूळ घर गोव्यात डिचोली तालुक्यात, मागे भाट म्हणजे बागायत, थोडे माड, वरच्या बाजूला काजू. आजोबा १९८८ मध्ये गेले, आजी तीन वर्षांनी, वडील २००९ मध्ये, आणि आता थोरले काका मुंबईत वारले. काकांनी मुंबईत दोन साक्षीदार घेऊन साध्या कागदावर मृत्युपत्र केलंय, गोव्याचं घर आणि भाट सगळं पुतण्याला, म्हणजे विचारणाऱ्यांनाच. काकू हयात आहेत, त्यांची एकुलती मुलगी पुण्याला दिलेली, ती म्हणते माझाही हक्क आहे. घराच्या मागच्या दोन खोल्यांत एक माणूस २२ वर्षं राहतोय, राखण करतो, काका त्याला महिन्याला ६,००० पाठवायचे, काका गेल्यापासून १४ महिने कोणीच काही दिलेलं नाही. आता तो म्हणतो मी मुंडकार (मालकाच्या जागेत त्याच्या संमतीने राहणारा, ज्याला गोव्याचा कायदा काढू देत नाही), शिवाय थकलेला पगार द्या आणि ग्रॅच्युइटी पण द्या. प्रश्न तीन. प्रोबेट, म्हणजे कोर्टाकडून मृत्युपत्रावर शिक्कामोर्तब, कुठे करायचं, किती वेळ लागेल, आणि चवथीला, गणपतीला, येईन तेव्हा कुलूप बदलून त्याला बाहेर काढलं तर चालेल का.

तिसऱ्याचं उत्तर आधी देते कारण बाकी दोन थांबू शकतात, हे थांबणार नाही. नाही चालणार. अजिबात नाही. कोर्टाशिवाय एखाद्याला ताब्यातून हुसकलं तर स्पेसिफिक रिलीफ कायद्याच्या कलम ६ खाली तो सहा महिन्यांच्या आत दावा लावू शकतो, आणि त्या दाव्यात मालक कोण हा प्रश्नच विचारला जात नाही, फक्त ताबा कोणाचा होता आणि तो कायदा सोडून काढला का एवढंच बघतात. म्हणजे तुमच्याकडे मृत्युपत्र असो नाहीतर ताम्रपट असो, त्याला परत आत बसवायची ऑर्डर होऊ शकते, आणि आज तो जो "राहतोय" आहे तो उद्या "कोर्टाने बसवलेला" होतो. लाईट तोडणं, पंपाचा फ्यूज काढणं, हे पण करू नका. एका क्लायंटने माझं न ऐकता नळाचं कनेक्शन बंद केलं होतं, दोन दिवसांत समोरच्याने पाण्याचे हंडे घेऊन चाललेल्या बायकोचे फोटो काढून लावले अर्जाला, आणि तोपर्यंत बरी चाललेली केस त्या फोटोंनी खाल्ली.

मी कोण ते सांगते म्हणजे बोलण्याचं वजन किती धरायचं ते तुम्हाला ठरवता येईल. फोंड्यात बसते, सत्तावीस वर्षं वकिली, जास्त काम वारसा आणि जमिनीचं, मध्येमध्ये नोकरीची भांडणं, हॉटेलवाले, फार्मा कंपन्यांतले कामगार वगैरे. गावची जुनी माणसं अजून बॅरिस्टर म्हणून हाक मारतात, मी कधी विलायत बघितलेली नाही, आणि १९६१ च्या कायद्यानंतर आपल्याकडे सगळे अ‍ॅडव्होकेटच, पण म्हाताऱ्यांना कोण सुधारणार.

आता मुंबईत वाढलेल्या माणसाच्या डोक्यात मृत्युपत्र म्हटलं की लगेच प्रोबेट येतं, त्यात तुमची चूक नाही. गोव्यात तो रस्ताच नाही. इथे वारशाला इंडियन सक्सेशन अ‍ॅक्ट लागत नाही, हिंदू सक्सेशन अ‍ॅक्ट पण नाही, तुम्ही हिंदू असलात तरी. १८६७ चा पोर्तुगीज सिव्हिल कोड गोवामुक्तीनंतरही चालू ठेवला गेला, आणि वारशाच्या भागापुरता आता गोव्याचा २०१२ चा कायदा आहे, तो लागू झाला डिसेंबर २०१६ पासून. तुमच्या आजोबांचं १९८८ चं प्रकरण जुन्या कोडवर जाईल, काकांचं नव्या कायद्यावर. गाभा दोन्हीत तोच आहे म्हणून घाबरू नका, पण वकील ज्या क्षणी "एकच कायदा सगळ्याला" असं म्हणेल त्या क्षणी दुसरा वकील शोधा.

आणि त्या गाभ्यात पहिला कागद मृत्युपत्र नाही, लग्नाचा आहे. माझ्याकडे माणूस मृत्युपत्र घेऊन आला की मी ते वाचतच नाही, टेबलावर उलटं ठेवते आणि विचारते लग्न कधी झालं, कुठे नोंदलं. काही जण चिडतात. पण इथे लग्नाच्या आधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोचं सगळं एक होतं, लग्नाआधीचं, नंतरचं, कमावलेलं, आणि वारशाने आलेलं सुद्धा. अर्धं त्याचं अर्धं तिचं. ही अर्धी बायको वारस म्हणून घेत नाही, ती तिची स्वतःचीच असते, कोर्टात तिला मोइटी होल्डर म्हणतात. म्हणून नवरा गेला की "बायकोला किती मिळेल" हा प्रश्नच चुकीचा, तिचं तिच्याकडे होतंच. आणि उरलेलं जे नवऱ्याचं अर्धं, त्यातलंही अर्धं मुलांसाठी राखून ठेवावं लागतं, मुलगा मुलगी फरक नाही, त्याला लेजिटिम म्हणतात. मृत्युपत्राने मोकळेपणी देता येतं ते फक्त राहिलेलं.

तुमचा हिशेब माडांवर करून दाखवते, सोपं जातं. समजा सगळी मिळकत म्हणजे १२ माड. आजी आजोबा दोघंही गेले, मुलं तीन, काका, तुमचे वडील आणि आत्या. आत्या लग्न होऊन गेली म्हणून तिचा वाटा गेला असं घाटावर पूर्वी धरायचे, इथे तसं नव्हतंच कधी, ती भावांच्या बरोबरीची. म्हणजे चार चार चार. आत्याचे चार तिचे आणि तिच्या यजमानांचे मिळून, त्यांची सही लागणार हे लक्षात ठेवा. काकांचे चार, त्यातले दोन काकूंचे स्वतःचे. राहिले काकांचे दोन. त्यातला एक मुलीसाठी राखीव. मृत्युपत्राने तुम्हाला मिळू शकतो तो एक माड.

एक. "सगळं पुतण्याला" लिहिलेल्या कागदातून बारातला एक.

तुम्ही निराश व्हायच्या आत पुढचं वाचा. वडिलांचे चार आहेत, ते आजोबांनंतर वारले म्हणून आजोबांचा वाटा त्यांना मिळून त्यांच्या आणि तुमच्या आईच्या सामाईकात आला, त्यातले दोन आईचे, दोन तुमचे, तुम्ही एकटेच असं लिहिलंय म्हणून. (वडील आजोबांच्या आधी गेले असते तर हेच गणित वेगळं झालं असतं, म्हणून मृत्यूच्या दाखल्यांवरच्या तारखा मी दोनदा बघते.) म्हणजे तुमचे तीन, आईचे दोन, मायलेकाचे मिळून पाच, आत्याकडे चार, काकूंकडे दोन, काकांच्या मुलीचा, म्हणजे तुमच्या बहिणीचा, एक. मृत्युपत्र नसतं तरी तुम्हा मायलेकाचे चार होतेच, आत्या आणि काकूंकडच्या बरोबरीने, आणि ज्याच्यावर तुम्ही भांडण पेटवणार आहात तो कागद एका माडाचा आहे, ही गोष्ट एकदा शांतपणे बघा.

हे सगळं काकांचं लग्न गोव्याच्या पद्धतीत बसतं असं धरून. लग्न मुंबईत झालं, इथे नोंदच नाही, किंवा आधी करार केला होता, तर काकूंचे दोन हलतात. काका चाळीसेक वर्षं मुंबईत होते, त्यांनी गोव्याचं डोमिसाईल, म्हणजे कायद्याने धरलेलं कायमचं घर, सोडलं होतं का हा प्रश्न पण बहिणीचा वकील काढू शकतो, त्याला उत्तर एका कागदात मिळत नाही, माणूस परत यायच्या विचाराने राहत होता का ते बघावं लागतं. मी अशा केसमध्ये मतदार यादीपासून देवळाच्या महाजनांच्या यादीपर्यंत सगळं गोळा करते. पण काहीही निघालं तरी आजोबा गोव्यात जगले गोव्यात गेले, त्यांचे तीन वाटे हलत नाहीत, म्हणजे काका चार माडांच्या वर लिहूनच देऊ शकत नव्हते. ज्या वकिलाने मुंबईत "माझ्या मालकीचं घर" असं टाईप केलं त्याने एक-चौदाचा उतारा (गोव्याचा सातबारा म्हणा) मागितला असता तर त्यावर अजून आजोबांचंच नाव आहे हे त्याला दिसलं असतं.

आता मुंबईचा फ्लॅट. तुम्ही त्याचा उल्लेख जाता जाता केलाय, "फ्लॅट काकूंकडेच राहील". मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने जोझे पावलो कुतिन्यो या केसमध्ये सांगितलं की गोंयकाराचा वारसा हा गोव्याच्याच कायद्याने, मिळकत गोव्याबाहेर असली तरी. ती केस पण तुमच्यासारखीच होती बरं का, बाप मुंबईला राहिलेला, तिथली मिळकत, तीन मुली, आणि मृत्युपत्राने ती मिळकत एकीला. तर काकांचं डोमिसाईल गोव्याचं ठरलं तर फ्लॅटमधली काकांची अर्धी पण त्याच हिशेबात येते. आणि हे तुमच्या फायद्याचं आहे. कारण राखीव अर्धा भाग हा एकेका वस्तूचा नसतो, माणसाच्या एकूण मिळकतीचा असतो. फ्लॅटची किंमत डिचोलीच्या घराच्या काकांच्या वाट्यापेक्षा कितीतरी जास्त असणार, मग बहिणीचा राखीव भाग फ्लॅटमधून भरून निघू शकतो आणि काकांचे इथले दोन्ही माड मृत्युपत्राखाली तुमच्याकडे येऊ शकतात. माझा अंदाज, बहिणीला पण जुन्या घराच्या बाराव्या हिश्श्यात रस नसेल, तिला राग आलाय तो "सगळं पुतण्याला" या शब्दांचा. मुलगी असून बापाच्या कागदात तिचं नावसुद्धा नाही. ते कुठल्याही हिशेबाने भरून निघत नाही, पण तिच्याशी फोनवर बोलताना डोक्यात ठेवा.

हे वाटप ज्याच्यातून होतं त्याला आम्ही नुसतं इन्व्हेंटरी म्हणतो. सिनियर डिव्हिजनच्या सिव्हिल कोर्टात लागते, तुमची डिचोलीला. आजी, आजोबा, काका, वडील, सगळ्यांची एकत्र लावता येते, वेगवेगळ्या चार लावू नका. एकाला कुटुंबप्रमुख नेमतात, जुने वकील अजून काबेस द काझाल म्हणतात, बहुतेक हयात असलेला जोडीदार नाहीतर थोरलं मूल. तो शपथेवर सांगतो वारस कोण, मिळकत काय, देणी काय. मग सगळ्यांना नोटिसा, नवरेबायकांसकट. मग किंमत ठरवणं. मग ज्यावर एकमत नाही त्या वस्तूची वारसांमध्येच बोली, लिसिटेशन. बाहेरचा माणूस नाही, फक्त घरातले. जास्त बोलणाऱ्याला वस्तू मिळते आणि वाट्यापेक्षा जास्त घेतलं तर फरकाचे पैसे बाकीच्यांना भरायचे.

बोलीच्या दिवसाबद्दल सांगायलाच हवं कारण तिथे शहाणी माणसं वेडी होतात. दोन भाऊ, एकमेकांशी सात वर्षं बोलत नव्हते, तुळशीवृंदावन असलेल्या पुढच्या अंगणासह घर कोणाला यावर बोली सुरू झाली, दर वेळी थोरला बोलला की धाकटा वर, आकडा ठरलेल्या किमतीच्या अडीचपट झाला तेव्हा माझा क्लायंट, धाकटा, माझ्याकडे बघून हसला, जिंकल्यासारखा. मी त्याला तीनदा कोट ओढून खाली बसवायचा प्रयत्न केला होता. बोली त्याची झाली आणि पैसे त्याच्याकडे नव्हते. ते उभे करायला त्याने म्हापशाचं दुकान विकलं. घर मिळालं, अजून त्यात राहतो, पावसाळ्यात कौलं शाकारायला पैसे नसतात. म्हणून आता मी प्रत्येक क्लायंटकडून बोलीच्या आदल्या दिवशी एका चिठ्ठीवर कमाल आकडा लिहून घेते, ती चिठ्ठी माझ्या पर्समध्ये असते, तिच्यावर गेला तर मी उठून बाहेर जाईन असं सांगून ठेवते. एकदा गेले पण आहे.

सगळे एकमतावर आले तर यातलं बरंच टळतं, सज्ञान माणसं वाटपाचं डीड करून मोकळी होऊ शकतात. पण इथे दोन गैरसमज नेहमीचे. एक, स्पेशल नोटरीकडे डीड ऑफ सक्सेशन केलं म्हणजे काम झालं. त्यात फक्त वारस कोण एवढं जाहीर होतं, एक-चौदावर नावं चढवायला उपयोगी, पण कोणता माड कोणाचा हे त्यात नसतं. दोन, "आत्या म्हणते माझा वाटा तुला". आत्याने वारसा सोडला तर तो सगळ्या सहवारसांकडे जातो, ती बोट दाखवून तुम्हालाच देऊ शकत नाही. तुम्हालाच द्यायचा तर ते बक्षीस किंवा विक्री, त्याचं वेगळं डीड, वेगळी स्टॅम्प ड्युटी, आणि तिच्या यजमानांची सही. आणि वाटप होईपर्यंत कोणीही "हा कोपरा माझा" म्हणून तेवढा तुकडा विकू शकत नाही, तुम्ही पण नाही, दिल्लीचा बिल्डर कितीही ॲडव्हान्स देत असला तरी.

आता राखणदार. आमच्याकडे राखणदार म्हटलं की आधी गावचा देव आठवतो, त्याला नारळ विडी देतात, माणसाला मात्र १४ महिने काही दिलेलं नाही.

तुम्ही लिहिलंय, "तो फुकट राहत होता, काका कधीमधी मदत म्हणून पैसे द्यायचे, पगार वगैरे काही नव्हता असं आम्ही म्हणणार आहोत". असं म्हणू नका. हे वाक्य लिहून दिलंत तर त्याची केस तुम्हीच उभी केली. बघा कसं. १९७५ च्या मुंडकार कायद्यात मुंडकार म्हणजे भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, संमतीने त्याच्या जागेतल्या घरात कायमचं बिऱ्हाड करून राहणारा, भाटकाराची चाकरी करत असो वा नसो. आता "फुकट राहत होता, काकांची परवानगी होती, २२ वर्षं" हे तुमचंच वाक्य यावर ठेवून बघा, काय उरलं? मुंडकार ठरला तर त्याला काढता येत नाहीच, उलट घर आणि पंचायत भागात ३०० चौरस मीटरपर्यंत जागा (पालिका भागात २००) विकत घ्यायचा हक्क मिळतो, बाजारभावाने नाही. पण त्याच व्याख्येत पुढे वगळलेली माणसं आहेत. पगार घेऊन मालकाच्या घराच्या भागात किंवा आऊटहाऊसमध्ये राहणारा घरगडी किंवा चौकीदार मुंडकार नाही. घराची राखण करायला, घर राहण्यासारखं ठेवायला म्हणून ठेवलेला केअरटेकर मुंडकार नाही. म्हणजे तुम्हाला वाचवणारी एकच गोष्ट आहे, की तो नोकर होता, राखणीला होता, आणि ६,००० हा त्याचा पगार होता. तुम्ही १४ महिन्यांचे ८४,००० वाचवायला तीच गोष्ट नाकारायला निघालात.

आणि उलट बाजूने त्याचंही तेच झालंय. जो माणूस "माझा पगार थकला, ग्रॅच्युइटी द्या" असं लिहून पाठवतो तो स्वतःच सांगतो मी नोकर. त्याने ते पत्र पाठवलंय असं तुम्ही लिहिलंय. ते पत्र, पाकिटासकट, पोस्टाच्या शिक्क्यासकट, प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवा, उत्तर घाईने देऊ नका. त्याला सल्ला देणारा पहिला माणूस पगारवाला होता आणि दुसरा मुंडकारवाला, दोघांनी एकमेकांना विचारलं नाही असं दिसतंय. नोकरीचे आणि जमिनीचे वकील वेगवेगळे केले की हेच होतं, मी स्वतः एकदा समोरच्या बाजूला असा दोन तोंडी अर्ज बघून रात्री शांत झोपले होते.

मग पुरावा. काका पैसे कसे पाठवायचे हे शोधा. बँकेतून असतील तर स्टेटमेंट, तारीख दर महिन्याची, रक्कम सारखी, एवढं पुरतं. जुन्या वर्षांचं मनीऑर्डरने असेल तर पावत्या काकूंच्या ट्रंकेत असण्याची शक्यता चांगली. माझी एक केस अशाच एका मनीऑर्डरच्या कुपनावर फिरली, बाकी सगळे साक्षीदार शेजारी आणि दोन्हीकडचे, पण १९९७ च्या कुपनावर म्हाताऱ्या भाटकारणीने मोडीवळणाच्या देवनागरीत लिहिलं होतं "माहे एप्रिलचा पगार, पावसाआधी कौलं फिरवून घे". त्या अर्ध्या ओळीत नोकर पण आला आणि घराची राखण पण आली. नसेल काही तर नसेल. मागच्या तारखेची व्हाऊचर बनवून त्याचा अंगठा घ्यायची आयडिया कोणीतरी देईल, असं कोणी माझ्या ऑफिसात बोललं तर मी फाईल परत देते, आणि तसेही कागद बघणाऱ्याच्या दोन मिनिटांत लक्षात येतात, २२ वर्षांची शाई एका पेनाची.

तो नक्की कुठे राहतो हे पण बघा. मुख्य घराच्या मागच्या दोन खोल्या म्हणालात, ते तुमच्या बाजूचं. तोच भाटात वेगळा मांगर, म्हणजे बागेतलं खोपटं, असता, त्याला स्वतःचा घर नंबर, त्याच्या नावाची घरपट्टी, लाईटचं बिल, तर मी एवढ्या खात्रीने बोलले नसते. पंचायतीत जाऊन बघाच, कधी कधी घरच्यांना न सांगता मागच्या दहा वर्षांत नंबर पडलेला असतो. आणि काजू कोण गोळा करायचं, त्याचे पैसे कुठे जायचे, हे विचारून घ्या, नाहीतर मुंडकाराच्या मागून कुळाचा दावा येतो, १९६४ चा कायदा, ते आणखी वेगळं प्रकरण.

मुंडकार आहे की नाही हे सिव्हिल कोर्ट ठरवत नाही, तो मुद्दा मामलेदाराकडे जातो, तिथून अपील वर. म्हणजे तुम्ही घर खाली करायचा दावा लावला आणि त्याने मुंडकारपणा मांडला तर दावा थांबून बसेल. लांब ताब्याने तो मालक मात्र होत नाही. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने मारिया मार्गारिदा सिक्वेरा फर्नांडिसच्या केसमध्ये, गोव्याचीच केस, बहीणभावाची, स्पष्ट सांगितलंय की केअरटेकर, वॉचमन, नोकर कितीही वर्षं राहिला तरी जागेत त्याचा हक्क तयार होत नाही, मागितल्यावर ताबा द्यायचा. मात्र "नोकर" हे तुम्हाला दाखवावं लागेल, म्हणजे फिरून परत पगारावरच आलो.

पैशांचं म्हणाल तर, ८४,००० द्या. बँकेतून, त्याच्या खात्यात, आणि एका पानाच्या पत्राबरोबर, कोणत्या महिन्यांचा पगार, कोणत्या कामाचा, कोणाच्या मिळकतीच्या वतीने. काकूंच्या सहीने गेलं तर उत्तम, त्या मोइटी होल्डर आहेत आणि बहुतेक प्रमुख पण त्याच नेमल्या जातील, मग तो खर्च इन्व्हेंटरीत देणं म्हणून दाखवता येतो आणि सगळ्यांवर वाट्याने पडतो, तुमच्या एकट्याच्या खिशावर नाही. पुढचा पगार पण चालू ठेवा. थकबाकीचा दावा कोर्टात तीन वर्षांच्या मागे जात नाही, त्यामुळे त्याने २२ वर्षांचा कमी पगार वगैरे काढला तरी बहुतेक तो टिकणार नाही.

ग्रॅच्युइटी कायद्याने लागत नाही. तो कायदा १० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांचा, पूर्वी १९७२ चा होता, आता नोव्हेंबर २०२५ पासून सोशल सिक्युरिटी कोडमध्ये गेला, खाजगी घरातला एकटा राखणदार त्यात बसत नाही. पण मी तुमच्या जागी असते तर ती रक्कम तरीही काढून बघितली असती. महिन्याच्या पगाराला २६ ने भागायचं, १५ ने गुणायचं, वर्षांनी गुणायचं. ६,००० चे २२ वर्षांचे ७६,००० च्या वर थोडे होतात. एका इन्व्हेंटरीत मुंडकाराचं प्रकरण घुसलं की दोन्ही बाजूंचा वकिलांवर होणारा खर्च त्याच्या पुढे जातो, माझी फी धरून सांगते. समझोत्यात ही रक्कम, वर शिफ्टिंगचे पैसे, आणि दुसरी सोय होईपर्यंत सहा महिने, लेखी, त्याच्या बायकोच्या पण सहीने, असं मी चार-पाच वेळा केलंय आणि त्यातलं एकच नंतर मोडलं. शिवाय एवढ्या पावसाळ्यांत ते घर उभं राहिलं ते त्याच्यामुळे. बंद घराला इथे तीन वर्षांत वाळवी संपवते, तुम्ही ज्या घरासाठी भांडताय ते त्याने जपलंय, तो हे मामलेदारासमोर बोलेल तेव्हा ते खरंच असेल.

किती वेळ लागेल. सगळे राजी असतील तर दीड दोन वर्षं धरा, त्यातला बराच वेळ नोटिसा पोचवण्यात. भांडलात तर माझ्या कपाटात एक अकरा वर्षांची फाईल आहे, ती लावणारे दोघंही आता वारलेत आणि त्यांचे वारस आणायला परत अर्ज केलेत.

कागदांमध्ये एक त्रास आधीच सांगते. आजोबांच्या वेळचे दाखले पोर्तुगीजमध्ये असतील आणि नाव ओळखू येणार नाही, प्रभूचं पोरोबो, कामतांचं कामोटीम, शेणवींचं सिनाय, आणि तुमच्या आधार कार्डावर चौथंच काहीतरी. हा एकच माणूस हे दाखवायला वेळ जातो, म्हणून ते पहिल्या महिन्यात सुरू करायचं. लँड रजिस्ट्रेशनच्या जुन्या वहीत जागेचं वर्णन मिळतं, ते काढाच, कारण एक-चौदा म्हणजे मालकीचा पुरावा नाही, सर्व्हेच्या वेळी पुढे कोण उभा होता त्याची नोंद बऱ्याचदा असते ती.

तर काकूंना फोन करा, पण मृत्युपत्राबद्दल नाही. लग्न कुठे नोंदलं, आणि मनीऑर्डरच्या पावत्या कुठे आहेत, एवढं विचारा. आणि चवथीला घर उघडताना किल्ली त्याच्याकडूनच घ्या, गणपतीवरची फळाफुलांची माटोळी दरवर्षी तोच बांधत असेल तर या वर्षी पण त्यालाच बांधू दे, आणि त्याचे पैसे द्याल तेही बँकेतूनच द्या.